बीजगोळ्यांचं पाकीट: माती चांगली, बियांची निवड फसलेली

बीजगोळे म्हणजे झाडं उगवावीत म्हणून पावसाळ्यात जमिनीवर टाकायचे, आत बी असलेले मातीचे गोळे. या पाकिटातले गोळे लाल माती आणि शेणखताचे, नीट सुकवलेले. बोटांनी दाबून फुटत नाहीत. घोडं अडतं ते बियांवर. बहाव्यासोबत चक्क सुबाभूळ दिलीय! ती भराभर पसरते, स्थानिक रोपांना जागा उरत नाही. बहाव्याचं बी टणक कवचाचं. खरवडल्याशिवाय गोळ्यात घातलं तर अख्खा पावसाळा तसंच पडून राहतं. कडुनिंबाचं उलट, बी ताजंच हवं, नाहीतर उगवतच नाही. पाकिटावर बी गोळा केल्याची तारीखच नाही. वापरायचेच तर सुबाभूळ वगळून, जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर उजाड बांधावर टाकावेत. सोलापूरकडच्या माळरानावर मात्र नकोत. ते गवताळ रान लांडगा-चिंकाऱ्याचं घर आहे, पडीक जमीन नव्हे.