डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला: काही महिन्यांच्या वापरानंतर

साठच्या दशकातल्या माझ्या गाडीला मूळचा लुकास कंपनीचा सी40 डायनॅमो (इंजिनवर फिरून वीज देणारं आणि बॅटरी चार्ज करणारं जुन्या प्रकारचं जनित्र) होता, कमाल 22 अँपिअरचा. त्या काळच्या गरजेला तो पुरायचा. पण 55 वॉटचे दोन हॅलोजन हेडलाइटच 9 अँपिअर खातात. त्यावर रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा, वायपर आणि इग्निशन धरलं की डायनॅमोकडे काही उरत नाही. शिवाय आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही, म्हणजे सिग्नलला उभं असताना सगळा भार बॅटरीवर.

आता आतच रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) असलेला 45 अँपिअरचा अल्टरनेटर, म्हणजे त्याच कामाचं नव्या प्रकारचं जनित्र, आहे. रात्री, पावसात, पंखा आणि वायपर दोन्ही चालू असतानाही हेडलाइट मंदावत नाहीत. बॅटरीवर मीटर लावला तर आयडलिंगला 13.6 आणि जरा रेस केलं की 14.2 व्होल्ट दिसतात. बॅटरी बाहेरून चार्ज करायची वेळ पुन्हा आली नाही.

तरी माझ्या मते खरं काम वायरिंगचं आहे. अल्टरनेटर बसवून जुनीच वायर ठेवली तर वाढलेला करंट तिच्यातच अडतो आणि ती तापते. सगळे लोड चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. जुन्या वायरवर हा फरक अर्ध्या व्होल्टच्या वर होता. जाड वायर टाकल्यावर 0.2 च्या आत आला. हीच तपासणी इंजिनची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्येही करा. गंजलेला अर्थ स्ट्रॅप (इंजिनला बॉडीशी जोडणारी पट्टी) बरोबर तिथे पकडला जातो. हेडलाइटना रिले (छोट्या करंटवर चालणारे विजेचे स्विच) दिले, त्यामुळे तो करंट आता डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून जात नाही. 30 अँपिअरचा मूळ अँमीटर काढून व्होल्टमीटर बसवला, कारण चार्जिंगचा सगळा करंट त्या अँमीटरमधून जायचा.

गाडी पॉझिटिव्ह अर्थ असेल, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असेल, तर आधी पोलॅरिटी बदलावी लागते; बॅटरी उलटी जोडली गेली तर अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात. इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या. स्टार्टर आणि फील्ड वाइंडिंगच्या (चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असलेल्या) मोटरी दोन्ही पोलॅरिटीत एकाच दिशेने फिरतात, पण कायम चुंबकाची मोटर उलटी फिरेल. हीटरचा पंखा म्हणूनच तपासून घ्या.

चार्जिंगच्या दिव्याला कमी लेखू नका. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीचा फील्ड करंट (आतलं चुंबकत्व तयार करणारा करंट) त्या 2.2 वॉटच्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि दिवा पेटत नसल्याने सगळं ठीक आहे असंच वाटतं. एक जादा बल्ब गाडीत ठेवलेला बरा.

तक्रार एकच, बेल्टची. थंड इंजिन सुरू करून लगेच सगळे लोड लावले की अरुंद व्ही-बेल्ट किंचाळतो. ताण थोडा वाढवल्यावर आवाज कमी झाला, पण फार ताणला तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. या बेल्टवर 70 अँपिअरचा अल्टरनेटर मी तरी बसवणार नाही.