रविवारी कास की अंथरूण?

सप्टेंबर आला की साताऱ्यातल्या हौशी फोटोग्राफरची शनिवारची रात्र घालमेलीत जाते. पहाटेचा गजर लावायचा, की आठवडाभराची झोप भरून काढायची?

कास पठार शहरापासून जेमतेम २५ किलोमीटर. उजाडता उजाडता पोचलात तर मऊ उजेड मिळतो, ‘सीतेची आसवं’ नावाच्या फुलांवर दव असतं. उन्हं चढली की तीच फुलं फोटोत भगभगीत दिसतात. पण हंगामात प्रवेशाचं बुकिंग आधी करावं लागतं, आणि धुकं दाट उतरलं तर सगळाच खेळ खलास. अर्धवट झोपेत यवतेश्वरचा घाट चढणं तर मला मुळीच पटत नाही.

घरी राहिलात तर मित्रांचे स्टेटस नऊपासून टोचू लागतात. फोन उशीखाली सरकवा. दुपारी मेमरी कार्ड रिकामं करा. संध्याकाळी अजिंक्यतारा आहेच.

माझा कौल झोपेला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण कासवर तो काही आठवडे पुरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. कारवी मात्र सात-आठ वर्षांनी एकदाच बहरते. त्या वर्षी गजर लावा, आणि झोपेसाठी सोमवारची रजा टाका.