एकशे सात डॉलरची झेरॉक्स

टेक्सासात नवं घर घेतलं असेल, किंवा घ्यायच्या बेतात असाल, तर हे वाचून ठेवा. रक्कम फार मोठी नाही. पण खरेदीखताची प्रत मिळवून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या पत्रांच्या फसवणुकीत माणूस लाजेपोटी गप्प बसतो आणि पुढचा बिनघोर चेक फाडतो. आमच्याच गल्लीत पाच घरांपैकी तिघांनी फाडला होता, आणि त्या तिघांत मी होतो.

घर फ्रिस्कोतलं. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण व्हायच्या दिवशी, टायटल कंपनीच्या (मालकीचे कागद तपासून व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीच्या) ऑफिसात तासभर सह्या केल्या, चाव्या घेतल्या, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं आणि बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबांची सगळी नोकरी बँकेत, कर्जखात्यात गेलेली. त्यांनी घर बघायच्या आधी विचारलं, "खरेदीखत हातात आलं का?"

मी ऐटीत फोल्डर उघडून 'डीड ऑफ ट्रस्ट' कॅमेऱ्यासमोर धरलं. नावातच डीड आहे म्हटल्यावर मला तेच खरेदीखत वाटलं होतं.

"अरे, हे तर गहाणखत आहे," बाबा म्हणाले. "तू बँकेला लिहून दिलेलं. विकणाऱ्यानं तुला लिहून दिलेलं कुठाय?"

ते नव्हतंच. का नव्हतं, ते मला फार उशिरा कळलं. टेक्सासात घराच्या डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, फक्त विकणाऱ्याची सही लागते, घेणाऱ्याची नाही. म्हणजे तुम्ही तासभर सह्या करता, पण ज्या कागदानं घर तुमच्या नावावर होतं त्यावर तुमची एकही सही नसते. आमच्या बिल्डरनं 'स्पेशल वॉरंटी डीड' सही करून दिलं, टायटल कंपनीनं ते कौंटी क्लर्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या दप्तरदाराकडे, नोंदवलं, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर बाबांचा दर रविवारी एकच प्रश्न. "आलं का?" आपल्याकडे खरेदीखत हरवलं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही धास्ती सांगायला नको. मूळ कागद बँकेत अडकलेला, वारसांत भांडण, सबरजिस्ट्रारकडे खेटे. घरात सोनं नसलं तरी चालेल, पण कपाटात खरेदीखत पाहिजे, अशा घरात मी वाढलो.

साधारण तीन आठवड्यांनी ते पत्र आलं. खिडकीवालं पाकीट, आत हिरवट कागद, वरच्या कोपऱ्यात गरुडासारखं काहीतरी. ठळक अक्षरांत 'रेकॉर्डेड डीड नोटिस'. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. घराचा पत्ता, लॉट आणि ब्लॉक नंबर, खरेदीची तारीख, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, नोंदणीचा क्रमांक. त्याखाली चौकटीत लिहिलेलं: मालकी सिद्ध करण्यासाठी आपल्या डीडची प्रत जवळ असणं महत्त्वाचं आहे, शुल्क एकशे सात डॉलर, अमुक तारखेच्या आत प्रतिसाद द्या.

एवढी माहिती सरकारशिवाय कोणाकडे असणार, असं मला वाटलं. चूक इथेच झाली. टेक्सासात घराचे व्यवहार कौंटीच्या उघड्या दप्तरात असतात. कोण कोणाकडून घेतं, कर्ज कोणाचं, सगळं कोणीही घरबसल्या बघू शकतं. या कंपन्या रोजच्या नव्या नोंदी उचलतात आणि ताज्या मालकांना पत्रं धाडतात. पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं की हे बिल नाही आणि आमचा कोणत्याही सरकारी कार्यालयाशी संबंध नाही. मी ते वाचलं, पण पैसे भरून झाल्यावर.

चेक पाठवला. बायको म्हणाली होती, "अरे, आधी रिअल्टरला, आपल्या घराच्या एजंटला, तरी विचार." मी म्हटलं, शंभर डॉलरसाठी कोणाला कुठे त्रास द्यायचा! खरं कारण असं की रविवार दोन दिवसांवर आला होता.

चेक वटल्यावर आठवड्याभरात टायटल कंपनीचं साधं पाकीट आलं. त्यात मूळ डीड, वर कौंटी क्लर्कच्या नोंदणीचा शिक्का, एका कोपऱ्यात 'नोंदणीनंतर यांना परत पाठवा' असं छापून खाली माझा पत्ता. काहीही न मागता, एक पैसा न देता ते यायचंच होतं. एकशे सात डॉलरवाली प्रत त्याच्याही नंतर आली. तीन पानांची साधी झेरॉक्स, प्रमाणित सुद्धा नाही, वर एक चकचकीत कव्हर. फोन केला तर पलीकडची बाई अगदी गोड: तुम्ही मागवलंत, आम्ही पाठवलं. परतावा कसला? आणि तिचं बोलणं कायद्याच्या अगदी काठावरून चालणारं होतं. माल दिला, खुलासा छापला. यालाच मी लुबाडणूक म्हणतो, कोणी काहीही म्हणो. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे, पैसे परत येतील अशी आशा धरलेली नाही.

चीड आली म्हणून एक दिवस सुट्टी काढून कौंटी क्लर्कच्या ऑफिसात गेलो. काउंटरच्या काचेवर आतल्या बाजूनं अगदी तसंच हिरवट पत्र चिकटवलेलं, त्यावर लाल पेननं मोठी फुली. मी खिशातून माझं काढलं. पलीकडच्या आजीबाईंनी चष्म्यावरून बघितलं, आधी पत्राकडे, मग माझ्याकडे, आणि हसू आवरत विचारलं, "भरलेत?"

त्यांनी जे सांगितलं ते असं. टेक्सासात साध्या प्रतीला पानामागे एक डॉलर, प्रमाणित हवी असेल तर वर पाच डॉलर. तीन पानांचे आठ. नुसतं बघायचं असेल तर आमच्या कौंटीच्या साइटवर फुकट, फक्त पानावर आडवा 'अनऑफिशियल' वॉटरमार्क असतो. शोधताना विकणारा म्हणजे ग्रँटर, घेणारा म्हणजे ग्रँटी. आपल्या नावांची इथे गंमत होते. मधलं वडिलांचं नाव कधी आडनावाला जोडलं जातं, कधी गळतं. माझं नाव घालून काहीच सापडेना, बिल्डरचं नाव आणि तारीख घातल्यावर लगेच निघालं. आणि आधी कौंटी कोणती ते बघा. फ्रिस्को गाव अर्धंमुर्धं कॉलिन कौंटीत, अर्धंमुर्धं डेंटनमध्ये आहे. चुकीच्या दप्तरात जन्मभर शोधलंत तरी घर मिळायचं नाही.

मी हळूच विचारलं, मूळ डीड हरवलं तर? आजीबाई म्हणाल्या, "मग काय? ते आमच्याकडे आहे ना." नोंद झालेली असली की कागद जळो, भिजो, मालकी हलत नाही. बँकही मूळ कागद अडकवून ठेवत नाही, तिचा बोजा त्याच दप्तरात चढलेला असतो.

कोर्टाच्या कागदांचं तर याहून वाईट. प्लेनोतल्या एका मित्राला नागरिकत्वाच्या अर्जासाठी जुन्या स्पीडिंग तिकिटाचा निकाल हवा होता. त्यानं 'कौंटी कोर्ट रेकॉर्ड' असं गूगल केलं, सगळ्यात वर जाहिरातीतली साइट आली. नाव टाकल्यावर पाच मिनिटं गोल फिरत राहिलं, 'गंभीर नोंदी आढळल्या' अशी लाल पट्टी, मग 'पूर्ण अहवाल फक्त एक डॉलरमध्ये'. अहवालात निघाला त्याच नावाचा भलताच माणूस, आणि कार्डावर पुढचे तीन महिने दरमहा तीसेक डॉलर कापले गेले. गंमत म्हणजे ते तिकीट कौंटीत नव्हतंच. शहर पोलिसांनी दिलेलं तिकीट शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. शेरीफनं किंवा हायवे ट्रूपरनं दिलेलं जस्टिस ऑफ द पीस या कौंटीतल्या छोट्या कोर्टाकडे. घटस्फोट, मालमत्तेचे दावे डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, मृत्युपत्राचं प्रोबेट कौंटी क्लर्ककडे. त्याला शेवटी म्युनिसिपल कोर्टाच्या खिडकीवर शिक्का मारलेला कागद दहा मिनिटांत मिळाला.

जाहिरातीवर क्लिक करू नका, तिकिटावर किंवा टायटल कंपनीच्या कागदावर छापलेलं ऑफिसचं नाव बघा आणि तिथेच फोन लावा. फोनवर माणसं बरी बोलतात, हा माझा अनुभव.

मागच्या महिन्यात दुसरं पत्र आलं. या वेळी 'होमस्टेड' सवलत (स्वतः राहत्या घरावरच्या करातली सूट) मिळवून देतो म्हणून पैसे मागणारं. तो अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडे, फुकट करता येतो. मी शेजारच्या तेलुगू कुटुंबाच्या दारावर टकटक केली. त्यांचा चेक पाकिटात होता, तिकीट चिकटवायचं तेवढं राहिलं होतं.

बाबांना आठ डॉलरवाली प्रमाणित प्रत दाखवली. शिक्का, सही, क्रमांक त्यांनी कॅमेऱ्यावर अगदी जवळून तपासले. खूश झाले. मूळ कागद जळला तरी चालतं, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. दिवाळीत येताना बँकेच्या लॉकरची चौकशी करून ठेव म्हणालेत.