चाचणीचे ५० बरोबर पोचले, बाकीचे ५ कोटी चोराकडे

डिसेंबर २०२५. एका बड्या गुंतवणूकदाराने क्रिप्टो एक्स्चेंजमधून (जिथे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते) जवळपास ५ कोटी यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी बांधलेलं डिजिटल चलन, आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या स्वतःच्या ॲपमध्ये, काढून घेतले. तिथून ते स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर न्यायचे होते. आधी ५० यूएसडीटी चाचणीला पाठवले, ते बरोबर पोचले. मग अर्ध्या तासाच्या आत उरलेले ४,९९,९९,९५० पाठवले आणि ते भलत्याच पत्त्यावर जाऊन पडले. वॉलेट कुणी फोडलं नव्हतं. पत्ता कॉपी करताना तो व्यवहारांच्या यादीतून उचलला गेला, एवढंच घडलं.

खऱ्यासारखा दिसणारा चोराचा पत्ता तुमच्या यादीत घुसवायच्या या प्रकाराला 'ॲड्रेस पॉयझनिंग' म्हणतात. 'आधी थोडी रक्कम पाठवून बघा' हा सल्ला कुठेही मिळतो आणि तो चुकीचाही नाही. पण ब्लॉकचेनवरचा, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सामाईक वहीतला, प्रत्येक व्यवहार उघडा असतो. चोरांचे बॉट तिथे रात्रंदिवस नजर ठेवून असतात. मोठी शिल्लक असलेल्या पत्त्यावरून किरकोळ रक्कम नव्या पत्त्यावर गेली, की मागून मोठं काहीतरी येतंय हे त्यांना कळतं. तुमची चाचणी ही त्यांच्यासाठी वर्दीच.

इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या पत्त्यात '०एक्स'नंतर ४० अक्षरं असतात, ० ते ९ आणि ए ते एफ यांतलीच. मोबाइलच्या पडद्यावर ती मावत नाहीत, म्हणून ॲप सुरुवातीची नि शेवटची चार-सहा दाखवतं आणि मध्ये टिंबं टाकतं. आपणही तेवढीच बघतो. पहिली ४ आणि शेवटची ४ अक्षरं जुळणारा पत्ता तयार करायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात. आकडा ऐकून हायसं वाटून घेऊ नका. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काम फार वेळ लागण्यासारखं नाही.

असा जुळा पत्ता तुमच्या यादीत घुसवायच्या तीन तऱ्हा आहेत. त्या पत्त्यावरून चिमूटभर खरं टोकन (यूएसडीटीसारखं ब्लॉकचेनवरचं चलन) पाठवायचं. किंवा यूएसडीटी हेच नाव लावलेलं बनावट टोकन पाठवायचं. तिसरी तऱ्हा सगळ्यांत बेरकी: दुसऱ्याच्या खात्यातून टोकन हलवायला त्याची परवानगी लागते, पण रक्कम शून्य असेल तर ती अट आपोआपच पुरी होते. त्यामुळे तुम्ही काहीच न करता 'तुमच्याकडून' चोराच्या पत्त्याकडे ० यूएसडीटी गेल्याची नोंद यादीत दिसू लागते. ती नोंद पाहिली म्हणजे वॉलेट हॅक झालं असं नाही. घाबरून कुठल्या 'सपोर्ट'ला फोन लावाल, तर मात्र दुसरी फसवणूक सुरू होईल.

पत्त्यातल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांची जी तपासणी ॲप करतं, तिचा इथे उपयोग नाही. ती टायपिंगची चूक पकडते. चोराचा पत्ता चुकीचा नसतोच. तो अगदी वैध, फक्त त्याचा असतो. मे २०२४ मध्ये १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या किमतीचं इथेरियमवरचं टोकन), म्हणजे तेव्हाचे सुमारे ६.८ कोटी डॉलर, असेच गेले. खऱ्या आणि खोट्या पत्त्याची पहिली ४ आणि शेवटची ६ अक्षरं सारखी होती. त्यातली बहुतेक रक्कम चोराने पुढे इथरच्या, म्हणजे इथेरियमच्या नाण्याच्या, रूपात परत केली. असं नशीब क्वचितच कुणाचं असतं.

एक्स्चेंजमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये रक्कम नेताना पत्ता एकाच ठिकाणाहून घ्यायचा: वॉलेटचं 'रिसीव्ह' पान. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे ॲपऐवजी वेगळं छोटं उपकरण, असेल तर पत्ता उपकरणाच्या छोट्या पडद्यावर उघडून पूर्ण वाचायचा, कारण क्लिपबोर्डवरचा पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरसही असतात. म्हणजे पेस्ट केल्यावरही वाचायचा, आणि मधली ८-१० अक्षरं मुद्दाम जुळवायची. मग तो एक्स्चेंजच्या ॲड्रेस बुकमध्ये नाव देऊन साठवायचा आणि फक्त साठवलेल्या पत्त्यांवरच रक्कम जाईल असा पर्याय चालू करायचा. बऱ्याच ठिकाणी नव्या पत्त्याला २४ तास थांबवतात. लोक त्यावर वैतागतात. थांबा, घाई तुमची नाही.

नेटवर्क, म्हणजे रक्कम ज्या ब्लॉकचेनवरून जाते ती, दोन्हीकडे एकच हवं. यूएसडीटी इथेरियमवर आहे, ट्रॉनवर आहे, बीएनबी चेनवरही आहे. ट्रॉनचा पत्ता टी ने सुरू होतो नि ३४ अक्षरांचा असतो, त्यामुळे तिथे गल्लत लगेच दिसते. इथेरियम आणि बीएनबी चेनचा पत्ता मात्र सारखाच दिसतो. चुकून बीएनबी चेनवर पाठवलेलं तुमच्याच वॉलेटमध्ये असतं, ॲपमध्ये ते नेटवर्क जोडलं की दिसतं. पुढे हलवायला त्या-त्या चेनचं नाणं फीसाठी लागतं: इथेरियमवर इथर, ट्रॉनवर टीआरएक्स. तेही थोडं आधी आणून ठेवा.

चाचणीची रक्कम पोचली की लगेच मोठी पाठवू नका. वॉलेट ॲप पुसून टाका आणि वॉलेट बनवताना मिळालेल्या, कागदावर लिहिलेल्या १२ किंवा २४ गुप्त शब्दांवरून पुन्हा उभं करा. एक शब्द चुकीचा उतरवला असेल तर तो आत्ता सापडू द्या, आत चार पैसे असताना. शब्द आधीच छापून आलेलं हार्डवेअर वॉलेट मिळालं तर ते वापरू नका. ते शब्द दुसऱ्याकडेही आहेत. मग मोठी रक्कम ॲड्रेस बुकमधल्या नोंदीवरूनच पाठवा. एक्स्चेंज दर वेळी ठरावीक शुल्क कापतं म्हणून चाचणीच गाळणारे महाभागही कमी नाहीत. शुल्क वाचतं खरं.

हीच काळजी परतीच्या वाटेवरही हवी. वॉलेटमधून एक्स्चेंजकडे विकायला पाठवताना डिपॉझिटचा पत्ता मागच्या व्यवहारातून उचलायची सवय फार जणांना असते.

रक्कम गेलीच तर व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), दोन्ही पत्ते आणि वेळ टिपून भारतात तात्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि एक्स्चेंजलाही कळवा. यूएसडीटी असेल तर ते काढणारी टेदर कंपनी चोराचा पत्ता गोठवू शकते. हे चोरांनाही ठाऊक असतं, म्हणून ते बहुधा काही मिनिटांतच यूएसडीटी देऊन डाय (डॉलरशी बांधलेलं दुसरं टोकन) किंवा इथर घेतात, जे असं कुणाला गोठवता येत नाही. तक्रारीनंतर टेलिग्रामवर 'रक्कम परत आणून देतो, आधी शुल्क भरा' म्हणणारे भेटतील. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार त्यांना उलटवता येत नाही.