शांत झोप हवी असेल तर: क्वीन मेरी २ की ओएसिस ऑफ द सीज?

मुंबई-गोवा क्रूझ करून आलेल्यांना पुढे मोठ्या जहाजाची ओढ लागते. आईवडिलांना सोबत न्यायचं असेल, तर लगेच दुसरा प्रश्न येतो: रात्री झोप लागेल ना? याचं उत्तर जाहिरातीत सापडत नाही, जहाजाच्या बांधणीत सापडतं. वरच्या मजल्यावर कुणी खलबत्त्यात दाणे कुटले की आपल्या घरात कळतं. जहाज म्हणजे तशीच इमारत, पण अखंड पोलादाची, आणि पोलादातून कंपन फार दूरवर जातं.

या बाबतीत दोन्ही जहाजांचा पाया चांगला आहे. इंजिनं वीज तयार करतात आणि जहाज पुढे नेणारा पंखा (प्रोपेलर) फिरवणारी मोटर जहाजाच्या पोटात नसून तळाखाली पाण्यात लोंबणाऱ्या पॉडमध्ये असते. त्यामुळे मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, लागत नाही आणि त्याचं कंपनही टळतं. पंखा पॉडच्या पुढच्या टोकाला असल्याने त्याला कमी ढवळलेलं पाणी मिळतं, म्हणून बुडबुडे फुटून तळावर बसणारे दणकेही कमी होतात.

खरा फरक सांगाड्यात आहे. क्वीन मेरी २ फ्रान्समध्ये सेंट-नाझेरला बांधलं गेलं आणि जानेवारी २००४ मध्ये प्रवासी घेऊन निघालं. लांबी ३४५ मीटर, पण मोजमापापेक्षा हेतू महत्त्वाचा: उत्तर अटलांटिक वेगाने ओलांडायचा. म्हणून जाड पत्रे, लांब निमुळतं नाक आणि पाण्याखाली १० मीटर बूड. वेगासाठी लागणारी दोन गॅस टर्बाइन्स तळाशी नाहीत, धुराड्याखाली ध्वनिरोधक खोलीत आहेत. भोजनगृह, नाट्यगृह अशा गजबजलेल्या जागा बऱ्याचशा खाली, २ आणि ३ क्रमांकांच्या डेकवर आहेत. ४, ५ आणि ६ वर केबिन, तर ७ वर बुफे आणि जहाजाला फेरी मारण्याचा मार्ग. मी ५ घेईन, तीही मधली: डोक्यावर केबिन, पायाखाली केबिन आणि हेलकावाही कमी. ६ वर मात्र डोक्यावर सकाळी फिरायला निघालेल्यांची पावलं. समुद्र खवळला की जहाज लाटांवर तुळईसारखं वाकतं आणि केबिनच्या भिंती कुरकुरतात. हलक्या झोपेच्या माणसाला हे आधी सांगून ठेवावं.

ओएसिसची गोष्ट वेगळी. फिनलंडच्या तुर्कू इथे २००९ मध्ये पूर्ण झालेलं, सुमारे ३६१ मीटर लांब, सव्वादोन लाख टनांचं. इथे वरची इमारत मधोमध दुभंगून दोन रांगा केल्या आणि मधे आकाशाखाली बाग लावली, सेंट्रल पार्क. त्यामुळे समुद्राकडे नसलेल्या केबिनलाही गॅलरी मिळाली. पण गॅलरी मिळाली तिथे आवाजही आला. बागेवरच्या केबिन माझ्या मते सुसह्य आहेत. मागच्या बोर्डवॉक या खुल्या भागावरच्या मात्र नाहीत, कारण तिथे मेरी-गो-राउंड आहे आणि टोकाला पाण्यातल्या खेळांचं खुलं प्रेक्षागृह. १४ क्रमांकाच्या डेकच्या वर पोहण्याचे तलाव आहेत. पहाटे खुर्च्या सरकतात, त्यामुळे तोही डेक टाळा.

डेसिबलच्या नियमांवर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओ) १९८१ च्या शिफारशीत खलाशांच्या केबिनला ६० डेसिबलची मर्यादा होती. १ जुलै २०१४ पासून नव्या मोठ्या जहाजांसाठी ती ५५ झाली आणि बंधनकारकही. पण हा नियम मुळात कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी आहे, आणि ही दोन्ही जहाजं त्याआधीची.

मुलं सोबत असतील आणि कॅरिबियनचा शांत समुद्र असेल, तर ओएसिस, समुद्राकडची मधली केबिन. आईवडिलांसोबत सात रात्री विसावायचं असेल, तर निःशंक क्वीन मेरी २. पैसे भरण्याआधी एजंटकडून आपल्या केबिनच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही डेकचे नकाशे मागवून एकमेकांवर ठेवून बघा. आणि नाकाजवळची केबिन स्वस्त दिसली तरी थांबा: ओएसिसच्या पुढच्या भागात जहाजाला बाजूला ढकलणारे साडेपाच-साडेपाच मेगावॉटचे चार आडवे पंखे आहेत, आणि ते चालतात नेमके पहाटे, बंदराला लागताना.