दोघांचाच बँड: आधी ‘व्हाइट ब्लड सेल्स’ बसवायचा की ‘एलिफंट’?

कोकणात बँड मोडतो तो बहुतेकदा बेसवाला (खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा) नोकरीला मुंबईला गेला म्हणून. मागे गिटार आणि ड्रम उरले की द व्हाइट स्ट्राइप्स हा रॉक बँड आठवतो: जॅक (गिटार) आणि मेग (ड्रम) व्हाइट, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे, बेस मुळातच नाही. त्यांच्या या दोन अल्बमपैकी गणपतीतल्या कार्यक्रमासाठी आमचं मत ‘व्हाइट ब्लड सेल्स’ला.

२००१ चा हा त्यांचा तिसरा अल्बम, मेम्फिसमध्ये चारेक दिवसांत रेकॉर्ड झालेला. नाव डेट्रॉइटबाहेर गाजलं ते यानंतर. ब्लूज, स्लाइड (तारांवर नळी सरकवून वाजवणं) आणि गिटारचे सोलो मुद्दाम टाळल्यामुळे १६ गाणी साधारण ४० मिनिटांत आटोपतात. ‘हॉटेल यॉर्बा’ जी, सी, डी या तीन कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर) चालतं आणि ‘वी आर गोइंग टू बी फ्रेंड्स’ला अकूस्टिक गिटार पुरते. म्हणजे ऐन कार्यक्रमात लाइट गेली तरी थांबायला नको. ‘फेल इन लव्ह विथ अ गर्ल’ जेमतेम दोन मिनिटांचं, पण ड्रमवाल्याचा दम काढतं. लय पुढे पळते, म्हणून सराव मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) आणि सुरुवातीला कमी वेगात करा.

‘एलिफंट’ (२००३) हे शिखर. लंडनच्या टो रॅग स्टुडिओत आठ ट्रॅकच्या टेपवर झालेला, पुढे ग्रॅमी मिळवलेला. यातलं ‘सेव्हन नेशन आर्मी’ सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. त्यातला खालचा आवाज बेसचा नाही, व्हॅमी पेडलने (सूर वर-खाली करणाऱ्या पायपेटीने) एक सप्तक खाली उतरवलेली गिटार आहे. रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) ए तारेवर सातव्या पडद्यापासून दुसऱ्यापर्यंत उतरते, म्हणजे ऐकू येणारे सूर सुमारे ८२ हर्ट्झपासून ६२ पर्यंत. सहा इंची स्पीकरच्या दहा वॉटच्या अँपमधून (अँप्लिफायरमधून) ते नुसते फरफरतात. पेडलमधून कॉर्ड वाजवलात तर सगळा चिखल होतो. एका वेळी एकच तार, गिटारच्या मानेजवळचा (नेक) पिकअप, बाकीच्या तारा तळहाताने दाबलेल्या. कोरसला व्हॅमी बंद, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चालू. पेडलवर पाय वेळेवर पडेपर्यंत गाणं मंचावर आणू नये. मोठा अँप आणि व्हॅमी हाताशी असेल तर ‘एलिफंट’मधलं हे एक गाणं शेवटी जरूर ठेवा.

त्याच अल्बममधलं ‘बॉल अँड बिस्किट’ मात्र सात मिनिटांच्या वर जातं. शेवटचा सोलो येईपर्यंत मंडपातली निम्मी मंडळी जेवायला घरी गेलेली असतात.