एका कार्डावर तीन वाचक : आमच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना

डोंबिवलीत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेची मी गेली तीन वर्षे सभासद आहे. ४०० रुपये वर्गणी आणि ५०० रुपये परत मिळणारी अनामत भरली की दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत एका वेळी एक अंक घरी नेता येतो आणि वाचून झाला की लगेच बदलून मिळतो. तेवढ्या वर्गणीत विकतचे एक-दोन अंकच येतील. गेल्या हंगामात आमच्या घरी ३२ अंक येऊन गेले.

नोकरी, स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास यांतून वाचनासाठी सलग दोन तास माझ्या वाट्याला येत नाहीत; येतात ते लोकलमधले, कुकरच्या शिट्ट्यांमधले, मुलगी झोपल्यानंतरचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे. कादंबरी हातात घेतली की आठवड्याने मागची पाने पुन्हा चाळावी लागतात आणि शेवटी ती उशाशी पडून राहते. दिवाळी अंकातली कथा मात्र ठाणे ते दादर या टप्प्यात पुरी होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, त्या परंपरेचा माझ्यासारख्या तुटक वेळेच्या बाईला एवढा आधार होईल असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

संध्याकाळी सात ते दहा आमच्याकडे मालिका चालू असतात. दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या सासूबाईंना त्यांची सोबत होते, त्यामुळे मी मालिकांना नावे ठेवणार नाही. पोळ्या लाटताना मीही त्या कानांनी पाहतच असते. पण मालिकेसाठी रोज ठरल्या वेळी हजर राहावे लागते आणि टीव्ही बंद झाला की माझ्या मनात तिच्यातले फारसे काही उरत नाही. सकाळी गाडीत वाचलेल्या कथेतली माणसे मात्र रात्री भांडी आवरतानाही माझ्या आसपास असतात.

अंकांच्या स्थितीबद्दल सांगायला हवे. प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालून, दाभणाने भोके पाडून तो जाड दोऱ्याने शिवलेला असतो, म्हणून तो वीस-पंचवीस घरे फिरूनही टिकतो. परंतु त्या शिवणीत आतल्या समासाकडची अक्षरे दडतात आणि एका हाताने वरची कडी धरून उभ्याने वाचताना अंक पुरता उघडत नाही. शब्दकोडी बहुधा कुणीतरी पेनाने सोडवलेली असतात. एकदा पाककृतीचे पान ब्लेडने कापून नेलेले होते आणि त्याच्या मागच्या बाजूलाच मी वाचत असलेल्या कथेचा शेवट होता, याची हळहळ मला अजून वाटते. तेव्हापासून काउंटरवरच्या ताई परत आलेला प्रत्येक अंक चाळून, गेलेल्या पानांचे आकडे कव्हरच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवतात.

माझी खरी तक्रार वेळेची आहे. वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असते आणि रात्री आठला दार लागते. सहाला कार्यालयातून सुटलेल्या बाईची गाडी जरा रखडली की तिचा तो दिवस गेला. त्यामुळे बहुतेक वेळा सासूबाईच अंक बदलून आणतात. त्यांना राशिभविष्य हवे असते, मुलीला ‘किशोर’, मला कथा, आणि कार्ड एकच. तेव्हा कोणाची पाळी आहे हे आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

काउंटरवर अभिप्रायाची एक वही ठेवलेली आहे. पहिल्या वर्षी एका कथेवर मी तिच्यात चार ओळी लिहिल्या आणि पुढच्या खेपेला पाहिले तर खाली अनोळखी अक्षरात लिहिले होते, ‘शेवट मला पटला नाही, पण तुमचे वाचून पुन्हा वाचली.’ कॉलेज सुटल्यापासून कार्यालयीन पत्रांपलीकडे मी काही लिहिले नव्हते. आता गाडीत सुचलेले मोबाइलवर टिपून ठेवते आणि शनिवारी जाऊन वहीत उतरवते; गेल्या खेपेला दोन पाने झाली.

यंदाची वर्गणी मी भरली आहे. आठवड्यातून निदान दोन दिवस वाचनालय नऊपर्यंत उघडे ठेवावे, ही विनंतीही त्याच वहीत लिहून आले आहे आणि तिच्याखाली आतापर्यंत आणखी पाच जणींच्या सह्या झाल्या आहेत.